बिनजोराचा घोडा

परवा उमरग्याच्या बाजारात बांगडीवाली लाख तापवत होती. त्या वासानं माझंही डोकं तापलं. आमच्या बुद्धिबळाच्या लाकडी मोहऱ्यांना असाच लाखेचा वास यायचा.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आम्ही लोहाऱ्यात राहायचो आणि माझा थोरला भाऊ अण्णा हैदराबादेत शिकायचा. सुट्टी संपवून निघायच्या सकाळी तो म्हणाला, "शांते, मला हरवलंस तर पट तुझा. न्हाय तर माझ्यासंगं चालला."

पट मला हवाच होता. ज्या मोहऱ्याच्या पाठीशी दुसरं मोहरं नाही ते बिनजोराचं, ते सोडायचं नाही, हा त्याचाच धडा. त्याचा घोडा कोपऱ्यात तसाच उभा होता. मी चारी बाजूंनी तपासलं आणि वजिरानं तो मारला.

"घेतलास? लई शहाणी!" म्हणत त्यानं हत्ती थेट माझ्या शेवटच्या ओळीत आणला. "शह!"

राजापुढं माझीच प्यादी दाटलेली, त्याला हलायला घर नव्हतं. ती ओळ इतका वेळ वजीर राखत होता आणि त्याला मीच उठवलं होतं. अण्णा पट गुंडाळून गेला. कित्येक वर्षं मी स्वतःलाच मूर्ख म्हणत राहिले. धडाच अर्धा होता, हे फार उशिरा उमगलं.

मागच्या दिवाळीत विचारलंच, "आपलं मोहरं उठल्यावर मागं काय उघडं पडतं तेही बघायचं, हे आधी का नाही सांगितलंस?"

अण्णा पानाला चुना लावत म्हणाला, "सांगितलं असतं तर पट तुझ्याकडं ऱ्हायला असता की!"