काकांची रविवारची फेरी

वामन रामटेके गेल्याची बातमी आमच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर आली, तेव्हा बहुतेकांना पहिला प्रश्न पडला तो 'कोण रामटेके?' हा. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते बघून दुसऱ्याने टाकलं, आणि तिसऱ्याने पुणेरी प्रामाणिकपणाने विचारलं, "हे आपल्यातले होते का? असतील तर वाईट वाटलं." मग कुणीतरी लिहिलं, "अरे, धायरीचे काका." मग हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मी मात्र काही टाकलं नाही, आणि त्याला कारण होतं. काकांशी मी पंधरा वर्षं बोलत नव्हते, आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवू नये असं चारचौघांत जाहीर करणारी मीच होते. बातमीला आता दीड महिना होऊन गेला. त्या दिवशी मला रडू आलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. नेमकं काय वाटायला हवं, हेच कळेना... आणि अजून कळलेलं नाही.

'रोजचं पान' हे आमचं संकेतस्थळ. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ओळख झालेल्या दोघा इंजिनियरांनी ते हौसेने काढलं होतं. नियम एकच, दिवसभरात काय झालं त्याचं एक पान लिहायचं. खाली बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचे. सुरुवातीला फॉन्ट उतरवून घेतला नसेल तर सगळं मराठी चौकोन-चौकोन दिसायचं, तरी लोक चिकाटीने लिहायचे आणि चिकाटीने वाचायचे. अर्धे लिहिणारे पुण्यात होते, अर्धे माझ्यासारखे कंपनीने परदेशात पाठवलेले. मी तेव्हा न्यू जर्सीत होते. शेजारच्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण कर्वेनगरातल्या एका मास्तरांकडे आज भरली वांगी होती आणि ती करपली, हे ठाऊक होतं. ऑफिसात डबा खाताना मी तीस-तीस पानं वाचत असे. वाचत असे म्हणजे डोळे फिरवत असे, 'मस्त!' असं लिहीत असे, आणि पुढच्या पानावर जात असे. सगळेच तसं करायचे.

काका पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. धायरीत त्यांनी घर बांधलं होतं आणि मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करत ते 'धायरीकर' या नावाने लिहायचे. त्यांच्यामुळे आमच्यात एक रीत पडली. एकदा कॅनडातल्या एकाने लिहिलं की आठवडा झाला, आईचा फोन लागत नाही. काकांनी पत्ता मागून घेतला, रविवारी सकाळी स्कूटर काढली, आणि संध्याकाळी पान आलं: "फोन बिघडलेला आहे, आई ठणठणीत आहेत. तुझा फोटो दाखवला. पोट सुटलंय म्हणाल्या." झालं. पुढच्या रविवारपर्यंत काकांकडे अकरा पत्ते जमले. वाघोलीपासून कोथरूडपर्यंत आमचे आईवडील पसरलेले होते, आणि काका वार लावल्यासारखे पाळीपाळीने सगळ्यांकडे जायचे. मग पुण्यातले आणखी काही जण फेरी करू लागले. पण लिहावं काकांनीच. बायको विचारायची म्हणे, "तुम्हाले सोताचं घर हाय का नाही?"

माझी आई शनिवार पेठेत एका फ्लॅटमध्ये एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. तिच्याकडच्या पहिल्या फेरीचं पान मला पाठ आहे. "आईंनी दाराची साखळी न काढता आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग थोडा वेळ काहीच विचारलं नाही. मग साखळी काढली." वाचून मला लाज वाटली. मी खाजगीत माफी मागितली, तर उत्तर आलं, "अगं, पोहे चांगले होते." पुढे दोघांचं असं जमलं की मला हेवा वाटावा. ते दहा मिनिटं उशिरा आले तर आई म्हणायची, "रामटेके, साडेदहा म्हणजे साडेदहा. हे तुमचं सरकारी ऑफिस नाही." त्यांच्या पानांतून माझी आई मला नव्याने भेटत होती आणि फोनवरच्या आईपेक्षा तीच जास्त आवडत होती, हेही सांगून टाकते.

आणि मग एक दिवस शेजाऱ्यांचा फोन आला. आई मार्केट यार्डात सापडली होती. कांद्याच्या गाळ्यांपाशी उभी राहून ती हमालांना शाळेचा रस्ता विचारत होती. त्यांनी तिला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, पर्समधल्या चिठ्ठीवरून घर शोधलं. मी मिळेल त्या विमानाने आले. आईने दार उघडलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, दोन वर्षं तरी चाललेलं असणार. दोन वर्षं! मी काकांना बोलावून घेतलं. ते आले, चपला काढून दारातच उभे राहिले.

"तुम्ही दर महिन्याला इथे येत होतात. मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी आतल्या खोलीकडे, आईकडे बघितलं. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात मी पान लिहिलं. नाव घेऊन लिहिलं. या माणसाने माझ्या आईच्या आजारपणाच्या गमतीजमती करून वाढल्या आणि मला अंधारात ठेवलं, असं लिहिलं. त्या पानाला जेवढे प्रतिसाद आले तेवढे साइटवर कधी कुणाला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी काकांनी आपली सगळी पानं बंद करून टाकली, कुणालाच दिसेनात. झालं, चोराच्या मनात चांदणं, असं लोक म्हणाले. दोघातिघांनी 'काकांनी काहीतरी सुचवलं होतं ना?' असं पुटपुटून बघितलं, पण दाखवायला पान नव्हतं. मग एकेक जण आपापल्या आईवडलांचा पत्ता परत मागू लागला. फेऱ्या थांबल्या. फेऱ्या थांबल्या तशी पानंही आटली, लोक आपल्या पानांना कुलपं लावू लागले, भांडणं झाली, आणि वर्षा-दोन वर्षांत 'महिनाअखेर संकेतस्थळ बंद होत आहे, आपापलं लेखन उतरवून घ्यावे' अशी सूचना आली. नवीन माध्यमं आली आणि आमचं दुकान बसलं, असं आम्ही अजून सांगतो. ते खोटं नाही. पण पहिली वीट मी काढली होती, हे मला माहीत आहे. तेव्हा त्याचा अभिमानसुद्धा होता.

मी नोकरी सोडून पुण्याला परत आले. आई आणखी चार वर्षं जगली, त्यातली शेवटची तीन मला 'बाई' म्हणत. काका मला एकदाच दिसले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात मी झेंडू घेत होते आणि ते समोरून पिशवी घेऊन येत होते, वाळलेले, एका पायाने अडखळत. त्यांनी हात अर्धा वर केला. मी फुलांत डोकं घातलं. वर बघितलं तेव्हा ते गर्दीत पुढे गेले होते, आणि मला वाटलं, बरं झालं. हेही खरंच वाटलं होतं.

बातमीनंतर आठवड्याने मी धायरीला गेले. का गेले विचाराल तर सांगता येणार नाही. नाव सांगितल्यावर काकूंनी ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. मी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं, तर त्याच म्हणाल्या, "तुमी येसान असं वाटलंच होतं मले." मग आत जाऊन त्यांनी एक जाड फाइल आणली. साइट बंद होण्याच्या आधी काकांनी आपली सगळी पानं, खालच्या प्रतिसादांसकट, छापून घेतली होती. "घरात कोणी वाचत नाही. पोराले मराठी वाचाचा कंटाळा. तुमी घेऊन जा." मी विचारलं, काका माझ्याबद्दल काही बोलायचे का? त्या विचार करून म्हणाल्या, "नाही. मी एकदा तुमाले शिव्या दिल्या, तं उठून गॅलरीत गेले."

घरी येऊन मी फाइल चाळली. आई सापडायच्या सव्वा वर्ष आधीचं एक पान आहे. "आज आईंनी तीनदा चहा केला. पहिला प्यालो. दुसरा प्यालो. तिसऱ्याला नको म्हटलं तर रागावल्या, आल्यापासून तुम्ही घोटभर चहा घेतला नाहीत, लोक मला काय म्हणतील! निघताना म्हणाल्या, तुमचं नाव काय म्हणालात? मी सांगितलं. म्हणाल्या, आमच्याकडे याच नावाचे एक गृहस्थ येतात, पण ते वेळेवर येतात." खाली प्रतिसाद. 'काका, कहर!' 'पुण्यात पाहुण्याला तीनदा चहा? पेपरात द्या बातमी!' पाचवा माझा आहे. "हाहाहा! आई अगदी अश्शीच आहे. काय लिहिता हो काका, अजून येऊ द्या." त्याच्या खाली काकांनी लिहिलंय, "अनघा, हसवायला लिहिलं खरं. पण तू एकदा येऊन जा. दिवाळीला जमेल?" आणि त्याखाली पुन्हा मी, "बघते काका, नक्की!" मग कुणीतरी आईच्या चहाची पाककृती विचारली आहे.

मला यातलं काही आठवत नाही. हे पान मी वाचलं, त्यावर दोनदा लिहिलं, आणि मला आठवत नाही. ते पान उघडं राहिलं असतं तर सगळ्या साइटने माझंच हसणं माझ्या तोंडावर मारलं असतं. म्हणून काकांनी सगळी वही मिटली का? की आपणही आईच्या आजारावर लोकांना हसवलं याची त्यांना लाज वाटली? दारात उभे असताना हे पान त्यांच्या खिशात असल्यासारखंच होतं, तरी 'चुकलंच माझं' का म्हणाले? मी रोज नवीन उत्तर काढते आणि दुसऱ्या दिवशी ते पटत नाही. फाइल जेवणाच्या टेबलावर आहे, हलवावीशी वाटत नाही. मधूनच मला त्यांचा राग येतो, अजूनही, खराखुरा राग. अहो, नंबर होता ना माझा तुमच्याकडे, सरळ फोन करायचा होता काका! आईला बरं नाही, ये, एवढं म्हणायला काय जात होतं? आणि मग पोळी हातात तशीच राहते, कारण मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. बघते काका, नक्की.