टाकीला पाठ लावून

आक्का माझी थोरली नणंद. लग्न होऊन मी दुष्काळी पारनेरच्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला मोरीच्या दारात अडवलं.

"दुसरी बादली कशाला?"

"केस धुवायचेत."

"मंग येताना बेलापूरचा पाट आनायचा हुता आंदन!"

मी बेलापूरच्या उसातली, दाराशी कालव्याचा पाट असलेली. केसांचा तर मला केवढा तोरा! आता वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली आहे, एका तांब्यात धुऊन होते. तेव्हा मात्र मी आधी रडले आणि मग मुद्दाम तिसरी बादली घेतली. तिथून जे वैर जुंपलं, ते जन्मभर.

नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी राहिली होती आणि पाण्याचा रांजण तिच्या ताब्यात होता. भाजी धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं कढीपत्त्याला. "पानी सांडनारीचं त्वांड बगू न्हाई," असं ती माझ्याकडे बघूनच म्हणायची.

माझी लेक शुभा ऑस्ट्रेलियात घोड्यांची डॉक्टर आहे. मध्यंतरी तिथल्या लांब पल्ल्याच्या घोडदौडीची जबाबदारी तिच्यावर आली. माणसं कमी पडली, म्हणून तिनं आम्हा दोघी म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं. विमानात आक्कानं माझी खिडकी बळकावली.

काम सोपं होतं. दौडीत मध्ये थांबे असतात. दमलेला घोडा आला की त्याच्या अंगावर भराभर पाणी ओतायचं, म्हणजे छातीचे ठोके उतरतात. वेळेत उतरले नाहीत तर घोडा बाद. आणि एखादा कोसळलाच, तर शुभाची ही पहिली दौड शेवटची ठरणार.

आक्काला पाण्याच्या टाकीपाशी नेमलं, हीच चूक. पहिला घोडा आला. तिनं एक बादली दिली आणि टाकीला पाठ लावून उभी राहिली. स्वार मुलगी इंग्रजीत ओरडतेय, घोड्याचे पाय थरथरताहेत.

"आक्का, बाजूला व्हा!"

"येक बादली. बास. प्यायला दे म्हनावं. आंगावर कसलं वततेत? नवरदेव हाय का त्यो?"

"मरेल तो!"

"तू नगं शिकवू, बेलापूरवाले!"

शुभा धावत आली. "आत्या, ठोके उतरत नाहीयेत. ओत, नाहीतर जा इथून."

जिला कडेवर वाढवलं, तिच्या तोंडून हे. आक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की घोड्याआधी मीच कोसळावं. मग पदर खोचला आणि बादलीमागून बादली ओतत सुटली. खालच्या चिखलाकडे न बघता, मला शिव्या देत. मीही पलीकडून ओतत होते. ठोके उतरले. स्वार मुलीनं तिला मिठी मारली, ती आक्कानं झटकून टाकली.

"आज तुज्या लेकीनं माज्याकडून पाप करवलं," एवढंच म्हणाली. शुभाशी ती त्यानंतर कधीच बोलली नाही.

घरी परतल्यावर कितीतरी दिवस ती तांब्याभर पाण्यात अंग पुसायची. "घोड्यांवर वतल्यालं पानी फेडतीया. तूबी वतलंस, तूबी फेड." मी हसले आणि दोन बादल्या घेतल्या.

ती गेली तेव्हा दारात टँकर उभा होता. शेवटच्या अंघोळीला बायका मोठ्या मायेनं घागरीमागून घागर ओतू लागल्या. मी पुढे होऊन एकीचा हात धरला.

"एक बादली झाली. बास."

बायका बघत राहिल्या. मेलेल्या नणंदेशीही वैर, असंच वाटलं असणार त्यांना. मी ती भरली घागर उचलली आणि आक्काच्या रांजणात ओतली.