गाळलेली वाक्यं

शहापूरच्या एका कॉलेजात, एस.वाय.बी.ए.च्या वर्गात, पहिल्या बाकावर छाया आणि रविना शेजारी बसतात. वही एकच, रविनाकडे जरा वळवलेली. सर बोलतात, छाया लिहिते, रविना वाचते. रविना टोकावड्याची, इथे मामाकडे राहते. सातव्या वर्षी मोठा ताप आला आणि तिला ऐकू येईनासं झालं. कानाला यंत्र लावलं की कुणी बोलतंय एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. सर फळ्याकडे वळले की ओठही दिसत नाहीत.

पहिल्या वर्षी मॅडमनी विचारलं होतं, हिला कोण लिहून देईल? छायाचा हात भरभर चालतो, म्हणून मुलींनी तिला पुढे ढकललं. तेव्हापासून तीच लिहिते. वर्ग हसला की कंसात ‘हसले’ लिहिते. मागून प्रणित म्हणतो, "बाई, आमच्या पण वह्या भरा की. आमी पण बहिरेच, सरांचं काय डोक्यात जात नाय." तेही ती लिहिते. रविना ते वाचून वळते आणि प्रणितवर पेन उगारते.

सर मात्र कधीकधी रविनाबद्दलच बोलायचे. ते छाया गाळायची.

श्रावणात छायाची आई गेली. शेणवे गावाच्या कडेच्या वाडीत, चार दिवसांच्या आजारपणात. तेरावं झालं आणि तिचे वडील, नामदेव, मजुरीला जाऊ लागले. छाया तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाली. रडू येत नव्हतं, भूकही कळत नव्हती. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पास संपला गो तुझा, चार दिस झाले." तिने तिकीट काढलं.

सर मातीचे प्रकार सांगत होते. छायाचा हात लिहीत होता. जांभी, काळी, गाळाची. कानावर पडलेलं सरळ हातात उतरत होतं, मधे ती कुठे नव्हती. तेवढ्यात दारात दुसरे सर आले. रविनाकडे मान करून सर त्यांना म्हणाले, "हिला उगाच वर्गात बसवलंय. हिच्या नादात दुसरी एक पोरगी फुकट चालली."

छायाने तेही लिहिलं. पुढे ‘हसले’ लिहिलं.

रविनाने वाचलं. तिचा आवाज सपाट आणि जरा मोठा असतो. "हे माझ्याबद्दल?"

छायाने मान डोलावली.

"याआधी पण बोललेत?"

"हो," छायाने लिहिलं. "तुला वाईट वाटेल म्हणून नाय लिहिलं."

रविना मागची पानं उलटू लागली. काही ठिकाणी ‘हसले’ होतं आणि त्याआधी हसण्यासारखं काही नव्हतं. तिने एकावर बोट ठेवलं. "इथे पण मीच?"

"हो."

रविनाने दप्तर उचललं आणि ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.

चार दिवस ती तिथेच बसली, वहीशिवाय, सरांच्या तोंडाकडे बघत. छाया पहिल्या बाकावर. लिहायचं नव्हतं, म्हणून सगळं ऐकू यायचं, आणि त्यातलं काहीच कळायचं नाही. या बाकासाठीच ती वाडीतून बाहेर पडली होती. रविना परत आली नाही तर उद्या एसटी का पकडायची, हे तिला सांगता आलं नसतं. तरीही ती उठून रविनाकडे गेली नाही.

पाचव्या दिवशी रविना येऊन शेजारी बसली. नवी वही तिने मधे ठेवली.

"सगळं लिहायचं. शिव्या पण. वाईट वाटून घ्यायचं का नाय, ते मी बघीन."

"बरं," छायाने लिहिलं.

सर आत आले. "आली का जोडी परत? आता आम्ही हळू बोलायचं."

छायाने लिहिलं, जसंच्या तसं.

रविनाने वाचलं आणि ती उभी राहिली. "हळू नको, सर. फक्त तोंड इकडे ठेवून बोला."

सरांनी खडू उचलला आणि तो हातात धरून ते काही वेळ नुसते उभे राहिले. छायाने लिहिलं, ‘सर काही बोलले नाहीत’.