पेटीत काय निघालं?

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मी सोफ्यावर आडवी, पोटावर मोबाइल. ‘कुलूपवाडी’ या दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकेचा शेवटचा भाग तीन महिने शोधतेय, सापडत नाही. मिळतात ती त्या काळातली बाकीची सगळी नाटकं. भिंती हलतात, पात्रं थांबून थांबून बोलतात, आणि मी तीही आनंदाने बघते. नवरा, शिरीष, आतून ओरडतो, “नीले, झोपायचं तर नीट झोप की!” मी हो म्हणते, किंवा म्हटल्यासारखं वाटतं. चित्राला मुंग्या येतात. मुंग्यांच्या पलीकडे कुणीतरी शेंगा फोडतंय.

बेबीआत्या. वडिलांची धाकटी बहीण, जाऊन तीन महिने झाले. चष्म्याला मागून रबर बांधलेलं, ओच्यात टरफलं.

“सरक जरा,” ती म्हणते. “सगळा सोफा काय माझ्या भावाचा आहे?”

“आत्या, तू गेलीस ना?”

“छे गं. व्यत्यय आला होता.”

हा आमच्या घरचा विनोद. प्रक्षेपण बंद पडलं की पडद्यावर ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ अशी पाटी यायची. आत्याला बरीच वर्षं तो एक कार्यक्रमच वाटायचा. शेजारणींना विचारायची, “काल तुमच्याकडे व्यत्यय किती वेळ होता हो?” चूक कळल्यावरही म्हणायची, काही म्हणा, त्यात कुणी मरत तरी नाही.

मी हसते आणि सोफा मिरजेच्या घरातली सतरंजी झालेला असतो. गल्लीतला पहिला टीव्ही आमचा, त्यामुळे सगळी गल्ली आमच्या खोलीत. ‘कुलूपवाडी’त मेलेल्या आजोबांची एक बंद पेटी होती. ती उघडायला त्या लोकांनी तेरा आठवडे घेतले. तेराव्या आठवड्यात किल्ली कुलपात गेली आणि आमचं चित्र गेलं. मी तेव्हा कॉलेजात, घरात सगळ्यांत हलकी. परसातल्या पाण्याच्या टाकीवर चढले आणि अँटेनाचा पाइप फिरवला. चित्र आलं. हात सोडला की जायचं. शेवटपर्यंत पाइप धरून मी वर, आणि घरात टाळ्या.

आत्ताही माझ्या हातात तोच पाइप आहे. फक्त टाकीखाली परस नाही, मिरजेचा अख्खा एसटी स्टँड सतरंज्या टाकून बसलाय. कंडक्टर टोप्या काढून वर बघतायत. आत्या माझ्याशेजारी टाकीवर, पाय खाली सोडून.

“आता तरी सांग. पेटीत काय निघालं?”

“मोहरा.”

“ते त्या रात्री सांगितलंस. माझ्या लग्नात म्हणालीस, पैठणी होती. मला दिवस गेले तेव्हा बाळंतविडा. शिरीषची नोकरी सुटली तेव्हा म्हणालीस, पेटी रिकामी दिसत होती, पण तिला चोरकप्पा होता. आणि घरात कुणाला विचारावं तर तुझ्या धाकानं सगळे म्हणायचे, बेबीलाच विचार.”

आत्या खुदुखुदु हसते. मला हसू येत नाही.

“शेवटच्या फोनवर म्हणालीस, ये, खरं काय ते सांगते. मी म्हटलं, घराचं रंगकाम आटपू दे. रंग झाला आणि तू थांबली नाहीस. मला फार वाईट वाटतं गं, आत्या.”

“रंग कुठला दिलास?”

“फिकट पिवळा.”

“शोभतो,” ती म्हणते. मग एक शेंग फोडून दाणे माझ्या तोंडात घालते, कारण माझे हात अडकलेत. “अगं खुळे, मी तरी कुठं बघितलं?”

“म्हणजे?”

“‘डावीकडे, अजून डावीकडे’ असं मागच्या दारातून कोण ओरडत होतं? टाकीवर शेवाळ, तुझ्या पायात स्लिपर. सगळी गल्ली पेटीकडे बघत होती. मी टीव्हीकडे पाठ करून तुझ्या पायांकडे बघत होते.”

“मग नंतर कुणाला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर एकच शेवट कळला असता. तुला दर खेपेला नवीन काय सांगितलं असतं?”

खाली स्टँडवर टाळ्या पडतात. चाळीस वर्षं मी त्या पेटीसाठी हळहळले, आणि आत्या माझ्यासाठी दारात उभी होती. मला इतका आनंद होतो की पाइप हलतो.

“सोडू का गं आता?” मी विचारते.

“सोड. चित्र छान आलंय. उतरताना तेवढं बघ, शेवाळ आहे.”

“आणि तू?”

“मी आहे की दारात.”

मी हात सोडते.

शिरीष चहाचा कप घेऊन समोर उभा आहे. मोबाइल जमिनीवर पडलाय. “काय हसतेस झोपेत? सापडला का तुझा तो शेवटचा भाग?” मी कप घ्यायला हात पुढे करते. तो माझा हात उलटा करून बघतो. “हे काय गं? गंज कुठला लागला?”

दोन्ही तळव्यांवर तांबूस पट्टे आहेत, पाइप घट्ट धरल्यावर उमटतात तसे.

“ते राहू दे,” तो म्हणतो. “काय निघालं शेवटी त्या पेटीत?”

मी सोफ्यावर मांडी घालते आणि जागा करून देते.

“सांगते,” मी म्हणते. “आधी शेंगा घेऊन ये.”