अर्ध्या तिकिटाची बस

दिंडोरीच्या पुढे आमचं सासर. नाशिकला दाताच्या दवाखान्यात नोकरी करायला सासऱ्यांनी होकार दिला तो एका अटीवर. "बस हाय तवर जा. जीपमधी लोंबकळत जायचं नाय." मी आनंदाने मान डोलावली. बस काय, सूर्यासारखी रोज येणार असंच वाटायचं.

मग कुणकुण लागली की आमचा मार्ग तोट्यात आहे. आगारवाले आठवडाभर उत्पन्न बघणार आणि मग ठरवणार. दवाखान्याबाहेर मला स्वतःचं असं काही नव्हतं, म्हणून मी कंबर कसली. घरोघर फिरून भजनाच्या बायका, बचत गट, पंच्याहत्तरी ओलांडलेली मंडळी, सगळ्यांना बसमध्ये चढवलं. कुणी डोळे तपासून आलं, कुणी नुसतीच भाजी बघून. बापे फिरकले नाहीत, त्यांना मोटरसायकली होत्या. पण बस तुडुंब भरली आणि मी उभ्याने, चेंगरत, खुशीत प्रवास केला.

शेवटच्या दिवशी कंडक्टरांनी पैशांची पिशवी हलवून दाखवली. "ताई, गर्दी लय जमवली. पण बायांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट. राहिलेलं सरकार देतं, पण ते वरच्या हापिसात, सवडीनं. आगारात माझी पिशवीच मोजत्यात."

हौसेने गोळा केलेल्या माणसांनीच बस बुडवली होती, आणि त्यात मीही अर्धीच. "मामा, मला पूर्ण तिकीट द्या," मी म्हणाले.

"बाईचं पूर्ण कसं फाडू? तपासनीस मलाच धरंल."

मागून एक आजी म्हणाल्या, "येडी का काय? सरकार देतंय तर घे की." सगळी बस हसली. मला रडू येत होतं आणि रागही, पण कुणावर रागवायचं तेच कळेना. अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा पेढे मीच वाटले होते.

बस बंद झाली. त्या सकाळीही मी आवरून, डबा भरून बाहेर आले. सासरे ओट्यावर बसले होते. माणूस वाईट नव्हता, कधी आवाज चढवला नाही.

"आज जीपने जाते," मी म्हणाले.

"आपलं काय ठरलं व्हतं, पोरी?"

शब्द मीच दिला होता. मी चपला काढल्या आणि आत गेले. दुपारी स्वयंपाकघरात बसून तो डबा उघडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरात हाय तर ताटात तरी घे."