राजधानी पाहायला गेलो तेव्हा
गंधकाचा धूर नाकात गेला की मला वाशीम आठवतं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडिलांना इतिहासाचा भारी नाद. एकेकाळची राजधानी लेकरांना दाखवायची म्हणून त्यांनी आम्हाला बैलगाडीत घालून तिथे नेलं. भर दुपारी गल्ल्या ओस होत्या, दारन् दार कुलूपबंद, आणि कुठूनसा गंधकाचा धूर येत होता. "आज बाजार नसन इथं," असं म्हणून वडील एका ओट्यावर चढले आणि आई, मी आणि धाकटी बहीण अशा तिघांपुढे राजांचे पराक्रम सांगू लागले. इतके शांत श्रोते त्यांना पुन्हा कधी लाभले नाहीत. बहीण मात्र एक मेलेला उंदीर शेपटीला धरून खेळवत होती. तेवढ्यात घरातली घागर न्यायला परतलेला एक म्हातारा ओरडला, "काहून आले हो लेकरं घेऊन? उंदरं पडून राह्यले, सारं गाव माळावर गेलं!" प्लेग होता, आणि तो धूर घरं शुद्ध करण्यासाठी केलेला होता. आईने बहिणीचे कपडे तिथेच उतरवून फेकले. परतलो तर आमच्या गावाने रिवाजाप्रमाणे शिवेवरच अडवलं. दहा दिवस शेतातल्या झोपडीत राहायचं. रोज सकाळी आई बहिणीच्या काखेत गाठ आली का ते चाचपून पाहायची. सहाव्या सकाळी तिचा हात एका जागी थांबला. "काय झालं?" वडिलांनी विचारलं. "काई नाही. तुमी पोराले घेऊन विहिरीकडे जा," आई म्हणाली. बहिणीचा चेहरा आता मला आठवत नाही. आईचा थांबलेला हात तेवढा आठवतो.