पांढऱ्या पडद्यासमोरची माय

माझ्या मायनं आयुष्यभर फोटोला तोंड दिलं नाही. हसू आलं की पदर तोंडावर, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही तिचा नुसता पदरच दिसतो. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला एकच फोटो सापडला, आधार कार्डावरचा. आमच्या नवागामच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला. पदर मागे सारलेला, दोन्ही कान उघडे, मागे पांढरा पडदा, आणि डोळे चोरी पकडल्यासारखे. कोण ही बाई, असं झालं मला.

भिंतीवर होती तोवर ठीक. पण ती बया माझ्या स्वप्नात शिरली! आधी स्वप्नात माय यायची ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत, अहिराणीत शिव्या देत. आता पांढऱ्या पडद्यासमोर बसते. मी हाका मारते तर ओ देत नाही. रागावली का गं माझ्यावर? दिवसभर मी खोलीत एकटी शेठ लोकांच्या साड्यांना मजुरीवर खडे चिकटवत असते. मुलगा-सून वेगळे, कामरेजला; मुलगा या गुजराती मुलखातच वाढलेला. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "मम्मी, टेन्शन नहीं लेवानुं." अरे, इथं माझी माय हरवली, आणि हा मला गुजराती ऐकवतोय.

मागच्या महिन्यात माझंच कार्ड नवं करायला गेले. रांगेत बिहारी, ओडिया, आपले खानदेशी, सगळे मिसळलेले. मशीनवरची बाई खेकसली, "माँजी, पल्लू पीछे. कान दिखाओ. हँसना नहीं."

मी कुठं हसत होते? मग तिनं समोरच्या स्क्रीनकडे बोट केलं. बघते तर माय! तेच कान, तेच डोळे. पावतीसाठी बाजूला उभी राहिले आणि माझ्यामागच्या म्हाताऱ्याचा फोटो बघितला, त्याच्यामागच्या बाईचा बघितला. सगळ्यांचं तेच तोंड. अख्खा देश त्या पडद्यासमोर बसवला तरी असाच दिसेल, गाव कुठलंही असो. माय घाबरली नव्हती, रागावलीही नव्हती. तिला फक्त हसू नको म्हणून सांगितलं होतं. एवढंच! आणि मी वेडी इतके दिवस जीव जाळत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साड्यांच्या ढिगाला टेकले आणि डोळा लागला. पुन्हा तो पडदा, पुढ्यात ती बसलेली. मी तिला तिच्याच अहिराणीत हसायला सांगितलं, "फोटो हुई गया, माय. आते हास."

ती हलली. हात मागे नेला, तो पांढरा पडदाच ओढून डोक्यावर घेतला, तोंडावर धरला आणि खुदुखुदु हसली.

जाग आली तेव्हा मीही हसत होते, तोंडावर कुणा शेठाची कोरी साडी धरून. हे सांगायला खोलीत कुणी नव्हतं. तरी तो पदर मी बराच वेळ खाली घेतला नाही.